उसना गारवा

पाणी कोमट होतं.

एवढंच झालं होतं, आणि एवढ्यावरून एखाद्याची सकाळ उधळावी असं त्यात काही नव्हतं. रस्ता खणून ठेवला होता म्हणून बस पुलाच्या अलीकडेच थांबली, म्हणून तो ओढ्याकाठच्या पायवाटेनं निघाला. वाट दवानं निसरडी, बुटांचे तळ झिजलेले, आणि वय असं की तोल गेला तर पायाआधी माणूस अब्रू सावरतो. तर तो घसरला. एका हातानं बॅग उराशी धरली आणि दुसरा आधाराला गेला तो थेट मनगटापर्यंत पाण्यात. थंडीचे दिवस होते. बोलायच्या आधीच तोंडातून वाफ निघायची, आणि नाकाचा शेंडा जागेवर आहे ना हे चाचपून बघावं असा गारठा. हातानं गार पाण्याची तयारी केली होती, बोटं आधीच आखडून बसली होती. आणि पाणी निघालं कोमट, माणसाच्या अंगासारखं. अंधारात भिंत चाचपावी आणि हाताला कुणाचा तरी गाल लागावा, तसा तो दचकला.

"काका, सावकाश!" काठावरच्या रोपवाटिकेतला माळी कुंपणावरून ओरडला. "हात शेकायचाय तर इकडून या, पायऱ्या आहेत."

"हे पाणी गरम कसं?"

"वर धुलाईचा कारखाना नाही का? तिथून येतं. घाबरू नका, स्वच्छ असतं. थंडीत बरं पडतं बघा. चार म्हाताऱ्या रोज इथं पाय सोडून बसतात आणि सुनांची उणीदुणी काढतात."

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात कोण येतंय मरायला? मासेसुद्धा येत नाहीत." माळी हसला. "शेवाळ मात्र मुबलक. हवं तर न्या पिशवीभर."

तोही हसला, आभार मानले आणि चालू लागला. उराशी धरलेल्या बॅगेत त्याच कारखान्याचा अहवाल आहे, हे त्यानं माळ्याला सांगितलं नाही. अहवालाच्या मुखपृष्ठावर हिरवं पान होतं, पानावर दवाचा थेंब होता, आणि आत ठळक अक्षरांत एक ओळ होती: निव्वळ पाणीवापर, शून्य. ती ओळ त्यानं स्वतः मांडली आणि तपासली होती. तपासणीसाच्या सहीची जागा तेवढी रिकामी होती आणि ती आज संध्याकाळपर्यंत भरायची होती.

हात त्यानं पुसला नाही. रुमाल खिशात होता, तरी नाही पुसला. वाऱ्यानं तो आपोआप गार होत गेला, आधी बोटांची टोकं, मग तळवा, आणि तळव्याच्या मधोमध ती ऊब कितीतरी वेळ रेंगाळली, निरोप घेऊनही उंबऱ्यात बोलत उभ्या राहिलेल्या पाहुणीसारखी. ही ऊब हाताच्या ओळखीची होती. कुठली, ते चालता चालता त्याला आठवलं. मुलगी लहान होती, आर्थिक वर्ष संपत आलं होतं, आणि तो घरी जेवणाच्या टेबलावर आकडे जुळवत बसला होता. बायको येऊन म्हणाली, "अहो, जरा हात लावून बघा हिला." त्यानं एका हातात पेन तसंच ठेवून दुसरा हात त्या इवल्या कपाळावर ठेवला होता. ताप फार नव्हता. चटका बसावा असा नव्हता. पण शेजारी निजलेल्या अंगाची ऊब आणि तापाची ऊब यांत फरक असतो, आणि तो हाताला कळतो. तापाची ऊब आतून ढकलत येते, तिला कुठंतरी जायचं असतं आणि वाट सापडत नसते. मुलगी आता दूरच्या शहरात, तिच्या पोरांची कपाळं ती बघते. पण हातानं ते जपून ठेवलं होतं. ओढ्याला ताप आलाय, असं त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःवरच वैतागला. साठीकडे झुकलेल्या हिशेबतपासणीसाला हे असलं सुचणं शोभत नाही.

कार्यालयात त्याला 'वजाबाकीचा वैरी' म्हणत. नाव कौतुकानं पडलं होतं, आणि जरा भीतीनंही. एखादा व्यापारी म्हणायचा, साहेब, अमक्याकडून इतकं येणं आहे, तमक्याला तितकंच देणं आहे, फिट्टंफाट, काही दाखवायलाच नको. तर हा चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, दोन्ही दाखवा. येणं येण्याच्या जागी, देणं देण्याच्या जागी. उद्या अमका बुडाला तर तमका तुम्हाला सोडणार आहे का? तुम्ही वजाबाकी करून हात झटकता, पण वजाबाकीच्या पोटात दोन माणसं असतात, ती गुदमरतात. नव्यानं लागलेल्या मुलामुलींना तो पहिल्या दिवशी हेच सांगायचा, आणि ती मुलं आपसात त्याची नक्कलही करायची, चष्म्यासकट. असा हा माणूस. आणि यानंच ओढ्यातून घेतलेल्या पाण्यातून ओढ्यात सोडलेलं पाणी वजा करून खाली शून्य मांडलं होतं, आणि त्याला काहीसुद्धा खुपलं नव्हतं. जितकं घेतलं तितकं गाळून, तपासून परत दिलं, थोडी वाफ उडाली ती आकड्यात धरण्याजोगी नाही, संपलं. पैशांत त्यानं हे कुणाला करू दिलं नसतं. पैशांत कुणी असं केलं असतं तर कागद परत भिरकावला असता. मग पाण्यात कसं केलं?

खुर्चीत बसून त्यानं ती ओळ पुन्हा पाहिली आणि उत्तर त्याच्या समोर येऊन बसलं, न बोलावता. पाणी त्याला खरं वाटलं नव्हतं. खरा तो ताळेबंद. हे दुसरं, हिरव्या पानाचं, म्हणजे लग्नातल्या फोटोंचा अल्बम. सगळे हसताहेत ना, झालं. त्याच्या फर्मच्या भागीदार साहेबांच्या खोलीत भिंतीवर रंगीत चौकोनांचा एक तक्ता होता. शाश्वत विकासाची उद्दिष्टं, जगातल्या देशांनी मिळून ठरवलेली: एका चौकोनात पाणी, एकात भूक, एकात मासा. त्या तक्त्याकडे तो इतकी वर्षं दंतवैद्याच्या खोलीतल्या चित्राकडे बघावं तसा बघत आला होता, दात काढून होईपर्यंत नजर कुठंतरी ठेवायची म्हणून. जगाची भूक आणि जगाचं पाणी ही मोठ्या माणसांची कामं, आपण आकडे जुळवणारे. आणि आज सकाळी हात भिजला तेव्हा कळलं की ते चौकोन कुणाच्या तरी आकड्यांवरच उभे आहेत, आणि त्यातला एक आकडा आपला आहे, आणि तो आपण डुलकी घेत लिहिलाय.

भागीदार साहेब त्याच्याहून वयानं मोठे, वर्षाअखेर निवृत्त होणार होते. जाताना या नव्या प्रकारच्या कामाची घडी बसवून जायची त्यांची इच्छा होती, आणि धुलाई कारखान्याचं हे पहिलंच काम होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेपरवेट एकदा इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाले, "ओढ्याला ताप आलाय तर त्याला डॉक्टरकडे ने. माझ्याकडे कशाला घेऊन आलास?"

"साहेब, चेष्टा नाही."

"मी कुठं चेष्टा करतोय? नियम काय म्हणतो? वापर म्हणजे जे संपलं ते. पाणी संपलं का? नाही. मग वापर कसला?"

"पाणी नाही संपलं. त्यातलं काहीतरी संपलंय."

"काय?"

त्याला सांगता येईना. जिभेवर होतं, पण शब्द दारातच अडला होता. साहेबांनी पेपरवेट खाली ठेवला. "हे बघ, संध्याकाळी अहवाल गेला नाही, तर कारखान्याच्या मालकीणबाईंचं कर्ज हातचं जाईल. स्वस्त व्याजाचं कर्ज आहे, शून्याच्या भरवशावर मिळणारं. बाई गेल्या तर आपलं हे काम पाळण्यातच गेलं. एवढं डोक्यात ठेव." आणि मग, जरा आवाज उतरवून, "सही तुझी आहे. मी तुझा हात धरणार नाही. करायलाही नाही, थांबवायलाही नाही."

कारखान्याकडे जायला टॅक्सीत बसल्यावर त्याला आत्या आठवली. का आठवली ते आधी कळेना. आई गेल्यावर आत्यानंच त्याला वाढवलं होतं. ती घरोघर जाणारी परिचारिका होती. तिची एक काळी सायकल होती, आणि दळताना, निवडताना, टाके घालतानासुद्धा ती काहीबाही ओळी जुळवून गुणगुणायची. टाके घालून घेणारा विव्हळायचा आणि मधेच हसायचा. शेजारच्या माणसानं एकदा तिची सायकल उसनी नेली आणि दुपारी परत आणून लावली. पुसून, हवा भरून, साखळीला तेल घालून. आणि आत्या त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. आतोबा म्हणाले, "अगं, सायकल आली ना परत? वर हवा भरून आली. आणखी काय हवंय तुला?" आत्या म्हणाली, "सायकल आली हो. माझी सकाळ कुठं आलीय?" त्या सकाळी ती पायी निघाली होती, लांबच्या वस्तीवरल्या एका बाईच्या बाळंतपणाला, आणि पोहोचेपर्यंत बाळ आपलं आपण जगात आलं होतं, ते धडधाकट होतं, पण ती बाई एकटी होती. एकटीनं किंचाळत होती. बाळ धड, आई धड, सायकल धड, हिशेब चोख. तरी आत्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उणं होतं, आणि ते उणं लिहायला जागा कुठं आहे हे तेव्हा त्या पोराला कळलं नव्हतं. इतकी वर्षं आकडेमोड करून आताही कळलं नसतं, जर टॅक्सी सिग्नलला थांबली नसती, आणि आत्याच्या चालीवर त्याच्या मनात, नकळत, त्याच्या स्वतःच्या ओळी उमटल्या नसत्या:

पाहुण्या रे पाण्या,
घडीभर माझ्या घरी,
गार आलास, गार जा माघारी,
ताप नको नेऊ.

तो चपापला. त्यानं आयुष्यात कधी ओळ जुळवली नव्हती. जुळवले होते ते फक्त ताळेबंद. टॅक्सीवाल्यानं आरशातून पाहिलं. "काही म्हणालात का साहेब?" "नाही नाही, चला तुम्ही." पण आता शब्द दारातून आत आला होता. गार आलास. ओढ्यातून घेतलं ते पाणी होतंच, पण पाण्याबरोबर त्याचा गारवा घेतला होता. पाणी परत गेलं. गारवा राहिला कारखान्यात, सायकल नेणाऱ्याकडे आत्याची सकाळ राहिली तसा. आणि तो कुठल्याच ओळीत नव्हता.

धुलाई कारखान्यात शिरलं की आधी वास येतो, उन्हात तापलेल्या सुती कापडाचा, पण ऊन नसलेल्या जागेत. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथं येत, डाग घेऊन, झोपा घेऊन, आजारपणं घेऊन, आणि शुभ्र होऊन लाटण्यांसारख्या तापलेल्या रुळांमधून बाहेर सरकत. दोन्ही टोकांना उभ्या बायका त्या हवेतच पकडून घड्या घालत, बोलता बोलता, न बघता. मालकीणबाईंनी हे सगळं घरातल्या दोन यंत्रांवर सुरू केलं होतं. अजूनही त्या कोपऱ्यातल्या एका टेबलावर, कारखान्याच्या आवाजातच बसत. बंद खोलीत त्यांना झोप येते म्हणत.

"या साहेब! सही आणलीत?"

"सही नाही आणली, बाई. एक चूक आणलीय."

"कुणाची?"

"माझी."

बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "अरे देवा. इतकी वर्षं ओळखते तुम्हाला, चूक या शब्दाशी तुमचा काही संबंध आहे असं वाटलं नव्हतं. बसा. बोला."

त्यानं सांगितलं. घसरण्यापासून सांगितलं, माळी, म्हाताऱ्या, मासे. गारव्याचंही सांगितलं, चाचपडत. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू इस्त्री फिरल्यासारखा सपाट होत गेला.

"म्हणजे शून्य नाही."

"पाण्याचं शून्य आहे. पण ते शून्य झाकण आहे. झाकणाखाली काय आहे ते दाखवावं लागेल. किती घेतलं, ही एक ओळ. किती सोडलं, ही दुसरी. आणि सोडलं ते किती तापलेलं, ही तिसरी."

"आणि कर्जवाले?"

"शून्य शोधतील. दिसणार नाही."

"मग ते व्याज वाढवतील." बाई उभ्या राहिल्या. "साहेब, दुसऱ्या कारखान्यासाठी मी बायका निवडून ठेवल्यात. त्यातल्या कितीजणींनी आहे ते काम सोडलंय. त्यांना काय सांगू? ओढ्याला ताप आलाय, जरा थांबा? मी घाण सोडते का पाण्यात? एक थेंब साबण सापडला तर दाखवा! आणि शून्य मी लिहिलं होतं का? तुम्ही लिहिलंत, मी नुसती खूश झाले!"

"हो. मी लिहिलं."

"मग आता कशाला हात भिजवत बसलात?"

रूळ फिरत होते. एक चादर आली, घडी झाली, दुसरी आली. गप्प बसावं, सही करावी, घरी जावं, असं त्याला क्षणभर अगदी मनापासून वाटलं. कुणी विचारणार नव्हतं. ओढा तर नाहीच. त्याच्या जिवाला ते शून्य इतकं गोल, इतकं गुळगुळीत, उशीसारखं दिसलं की त्यावर डोकं टेकावं. आणि नेमकं तेव्हाच त्याला स्वतःच्या कामाची भीती वाटली, जी आजवर वाटली नव्हती. आपण लिहिलं नाही, तर ते घडलंच नाही असं होतं. जगाला आपल्या ओळीतूनच दिसतं. इतकी वर्षं आपण स्वतःला आरसा पुसणारे समजत होतो, आणि आपण तर खिडकी बसवणारे होतो. जिथं बसवली नाही तिथं भिंतच.

"बाई," तो म्हणाला, "पाणी येतं गार. तुम्ही ते तापवता कशानं?"

"जळणानं. दुसरं कशानं? फुंकर मारून?"

"आणि धुऊन झाल्यावर ते जळण जातं कुठं?"

"जातं कुठं म्हणजे? जळतं." आणि बाई थांबल्या. त्यांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, जिथून ओढ्याकडे जाणारा पाइप दिसत होता, आणि पाइपाच्या तोंडाशी थंडीत उठणारी वाफ. रोज दिसणारी. मग त्यांना हसू फुटलं, आधी नाकातून, मग पोटातून, इतकं की घड्या घालणाऱ्या बायका वळून बघू लागल्या.

"अगं बाई गं! म्हणजे इतकी वर्षं मी ओढा तापवतेय! पदरचं जळण घालून!" त्या खुर्चीत बसल्या, डोळे पुसले. "मध्ये एक विकणारा आला होता, साहेब. म्हणाला, जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्या येणाऱ्या गार पाण्यातून फिरवू, याची ऊब त्याला देऊ. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. म्हटलं, पाणी जसंच्या तसं परत जातंय, मला काय करायचीय तुमची नळी?"

"ओळच नव्हती ना," तो म्हणाला. "ओळ असती तर दिसलं असतं."

"हसले म्हणून विरघळले असं समजू नका. तुमच्यावर राग आहेच."

"असू द्या."

"व्याजाचं खरं आहे ना ते?"

"खरं आहे. ते मी गोड करून सांगणार नाही."

बाईंनी फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. कर्जवाला अधिकारी तरुण असावा. त्यानं नम्रपणे ऐकलं, आणि नम्रपणेच म्हणाला की मग या वर्षी सवलतीचा दर बसणार नाही. बाई फोनकडे वाकल्या. "बसवू नका," त्या म्हणाल्या. "कर्ज नेहमीच्या दरानं द्या. पण एक लिहून द्या, पुढच्या वर्षी माझ्या तिसऱ्या ओळीतला आकडा खाली आला तर सवलत तिच्यावर मोजायची. शून्यावर नाही." पलीकडे कळफलकाची टकटक झाली. "मॅडम, अशी ओळ आमच्याकडे अजून कुणीच पाठवलेली नाही." "म्हणूनच म्हणते, लिहून द्या. नंतर सगळेच पाठवतील, तेव्हा तुमची धांदल उडेल." तो म्हणाला, वरिष्ठांना विचारतो, पण जाता जाता, स्वतःच्याच आवाजात, त्यानं विचारलं, "मॅडम, त्या ओढ्यात मासे होते का हो खरंच?"

"होते म्हणतात," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. महाग झालेलं वर्ष त्यांच्या खांद्यावर येऊन बसलेलं दिसत होतं. दुसरा कारखाना होणार होता, पण पहिल्यापेक्षा लहान, आणि निवडलेल्यांपैकी काहीजणींना वाट बघा म्हणावं लागणार होतं. त्यांची नावं त्या मनात मोजत असाव्यात.

मग दोघं अहवाल समोर घेऊन बसले. शून्याची ओळ त्यानं सरळ रेघेनं खोडली, शेजारी आद्याक्षरं टाकली. घेतलेलं पाणी. सोडलेलं पाणी. तिसऱ्या ओळीला नाव हवं होतं. तपमानवाढ, त्यानं लिहिलं. बाईंनी नाक मुरडलं. "हे काय, दवाखान्यातल्यासारखं? मघाशी तुम्ही चांगलं काहीतरी म्हणालात. गारव्याचं."

"ते बोलायला ठीक आहे."

"ज्याला आपण घेतलंय म्हणतो, त्याचं नाव लिहायला काय होतं?"

त्यानं पेन थांबवलं. नियमांच्या कुठल्याही पुस्तकात असं शीर्षक नव्हतं. मग त्यानं आपल्या बारीक, शाळकरी अक्षरांत लिहिलं: ओढ्याचा उसना गारवा. कंसात मोजमाप लिहिलं, आलेल्या आणि गेलेल्या पाण्याच्या नोंदींवरून आकडा काढला, दोनदा पडताळला. आकडा मोठा होता. शेजारी पुढच्या वर्षाचा रकाना होता, दरवर्षीसारखा कोरा, कारण त्याच्या धंद्यात झालेलंच लिहितात, होणारं नाही.

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि त्या कोऱ्या रकान्यात एक आकडा लिहिला. निम्म्याहूनही कमी.

"इतकं जमेल?" त्यानं विचारलं.

"तुम्ही तपासायला येणार का?"

"येणार."

"वजाबाकी करणार नाही ना पुन्हा?"

"नाही."

"मग जमवावं लागेल."

तपासलेल्या पत्रकात पेन्सिल चालत नाही. आपल्या हाताखालच्या कितीतरी मुलांना यावरून त्यानं रडवलं होतं. खोडरबर त्याच्या बॅगेतच होता. त्यानं तो काढला नाही. पेन्सिलीच्या आकड्याच्या खाली लहान अक्षरांत फक्त लिहिलं, 'हा मालकिणीचा शब्द. तपासणी पुढच्या वर्षी', आणि त्याच्या खाली, आपल्या जागेवर, सही केली.